चीक, गव्हाचा : पातळपणा व त्यावरील उपाय

चीक, गव्हाचा : भिजवून वाटलेल्या गव्हाच्या पांढऱ्या दुधातून खाली बसणारा घट्ट पिष्टमय साका, तसेच तो पाण्यात शिजवून केलेला मऊ, चकचकीत पदार्थ. बीड जिल्ह्यात व एकूण मराठवाड्यात उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत कुरडईसाठी चीक शिजवतात आणि त्यातलाच थोडा गरम असताना गूळ किंवा साखर घालून खातात. जनावराच्या दुधाशिवाय आळणारा हा मराठी घरातला ओळखीचा गोड पदार्थ आहे. सोया, बदाम किंवा ओटच्या दुधाचे पुडिंग पातळ राहिले, तर ते का राहिले याचे उत्तर चिकाच्या पातेल्यात सापडते.

नाव : नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीच्या पहिल्या दुधालाही चीक म्हणतात, त्याचा खरवस होतो. दोन्ही चीक उष्णतेने घट्ट होतात, पण कारणे वेगळी आहेत. खरवस प्रथिनांमुळे गोठतो, गव्हाचा चीक पिष्टामुळे आळतो. प्रथिनांनी धरलेल्या पदार्थाची रीत पिष्टाच्या पदार्थाला लावली की तो फसतो.

कृती : गहू तीन दिवस भिजवतात व पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशी ते वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून पिळून घेतात. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात. गाळलेले दूध रात्रभर स्थिर ठेवले की सकाळी वर पिवळसर निवळी आणि तळाशी चीक दिसतो. निवळी ओतून टाकतात. कुरडईसाठी चिकाइतकेच पाणी मीठ घालून उकळतात, त्यात चीक धारेने सोडतात आणि एक जण ओतत असताना दुसरा लाकडी उलथन्याने सतत घोटतो. नंतर झाकण ठेवून वाफ देतात. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि ओल्या बोटाला चीक चिकटला नाही, म्हणजे तो शिजला. मग सोऱ्यातून बाजेवरच्या धुतलेल्या लुगड्यावर कुरडया पडतात. ऊसतोडीला गेलेली जिल्ह्यातील अनेक कुटुंबे कारखान्यांचा हंगाम संपवून परततात, तेव्हा वाळवणाचे हेच दिवस असतात. त्यामुळे या कामाला घर पुन्हा भरल्याचा आनंदही जोडलेला असतो.

आळण्याची क्रिया : पिष्टाचे कण साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतात. पूर्ण दाटपणा यायला मिश्रण 90 अंशांच्या पुढे, म्हणजे मधोमध रटरटेपर्यंत तापावे लागते. गार होताना फुगलेल्या कणांतून सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पदार्थ धरतो. म्हणून चुलीवर सैल वाटणारे मिश्रण थंड झाल्यावर बरेच घट्ट होते.

पातळ राहण्याची कारणे : (1) निवळी नीट न काढल्याने पाणी जास्त होणे. (2) कडेला बुडबुडे दिसताच आच बंद करणे. (3) गहू भिजताना मोड येणे. मोडात अमायलेज हे पिष्ट तोडणारे एंझाइम वाढते. मोडाच्या नाचणीची पेज पातळ होते ती यामुळेच. (4) गहू फार आंबणे. आंबटपणात बराच वेळ उकळल्यास पिष्ट तुटते. (5) गूळ किंवा साखर आधीच भरपूर घालणे. ती पाणी धरून ठेवते व कणांना फुगू देत नाही. (6) धरलेला पदार्थ पुन्हा जोराने ढवळणे. (7) उष्टा चमचा पातेल्यात बुडवणे. लाळेतही अमायलेज असते, त्यामुळे घट्ट झालेला चीकही काही वेळाने सैल होतो.

इतर वनस्पतिजन्य दुधे : सोयाबीनच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, पण आंबट काही पडले की ते फाटते. बाजारातल्या बदामाच्या दुधात बदामाचे प्रमाण बहुधा थोडे आणि पाणी अधिक असते. ओटचे दूध तयार करतानाच त्यातले पिष्ट एंझाइमने तोडलेले असते, त्यामुळे ते स्वतःहून आळत नाही. न शिजवता होणाऱ्या झटपट पुडिंगच्या पुड्यांतील फॉस्फेट क्षार दुधातील केसीन व कॅल्शियम यांच्या मदतीने काम करतात. वनस्पतिजन्य दुधात केसीन नसते, म्हणून तिथे ही पूड सहसा धरत नाही. दूध बरेच कमी घेतले तरच थोडाफार दाटपणा येतो. कॉर्नफ्लोअरची साधी कस्टर्ड पावडर मात्र शिजवल्यावर व्यवस्थित चालते.

उपाय : प्रथम पदार्थ तीन-चार तास गार होऊ द्यावा. तरीही पातळ असेल, तर मंद आचेवर ढवळत उकळी आणून एक-दोन मिनिटे रटरटू द्यावे; अर्धकच्चे पिष्ट एवढ्यानेच आळते. तेही पुरले नाही, तर अर्धा लिटर मिश्रणाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार दुधात कालवून धारेने घालावे आणि पुन्हा उकळावे. कोरडे पीठ गरम मिश्रणात टाकू नये, गुठळ्या होतात. नव्याने करताना अर्धा लिटर दुधाला 25 ते 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरते. वडी पडेल इतका घट्टपणा हवा असल्यास चायना ग्रास पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळून मिसळावे. गुळाचा आंबटपणा सोयाचे दूध फाडू शकतो; म्हणून गूळ आच बंद केल्यावर, मिश्रण कोमट झाले की घालावा.

सीताफळ घालताना : बालाघाटाच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून पुडिंग आधी शिजवून थोडे अधिक घट्ट ठेवावे, पूर्ण गार करावे आणि मग गर हलक्या हाताने मिसळावा. गर आधी घालून पुडिंग पातळ राहिले, तर ते पुन्हा आचेवर ठेवता येत नाही.

महत्त्व : निवळी किती काढायची, वाफ किती द्यायची, ओले बोट कधी लावून पाहायचे, हे ज्ञान बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात दिले आहे. दुधाची नवी खोकी स्वयंपाकघरात आली, तरी पिष्टाला पुरेसे पाणी, पूर्ण उकळी आणि गार व्हायला वेळ लागतोच. वाळवणाच्या सकाळी चिकाच्या पातेल्याशी उभी राहणारी मुलगी हे सारे पाहून शिकते. तिला ते नावानिशी सांगणे हे या नोंदीचे प्रयोजन आहे.