घोषित न केलेले नाव

2018 साली आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पाचा प्रोसेसर चंडीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाला आणि त्यावर लिनक्स चालले. चर्चा अर्थातच चिपची झाली. सी भाषेतला प्रोग्रॅम कोणत्या यंत्रासाठी घडवला जात आहे हे त्याला कळते कसे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

त्याचे उत्तर 1970च्या दशकातील बेल लॅब्जमध्ये सापडते. 1972-73च्या सुमारास सी भाषेला प्रीप्रोसेसर जोडला गेला. आरंभी तो ऐच्छिक होता. दुसरी फाईल आत घेणे आणि एका नावाच्या जागी दुसरा मजकूर ठेवणे, एवढेच त्याचे काम. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्यात सशर्त संकलनाची सोय आणली. अट खोटी ठरली, तर मधला मजकूर कंपायलरपर्यंत पोचतच नाही. युनिक्स निरनिराळ्या यंत्रांवर जाऊ लागले तसे या सोयीचे मोल वाढले. अट तपासायला खूण हवी, म्हणून ती कंपायलरच आधीपासून देऊ लागला. युनिक्सवर ‘युनिक्स’ या नावाचे मूल्य 1 असे.

पण हा शब्द तर कोणालाही सुचण्याजोगा! 1987च्या दुर्बोध सी प्रोग्रॅमांच्या स्पर्धेत डेव्हिड कॉर्न यांनी नेमके यावर बोट ठेवले. त्यांच्या एका ओळीच्या प्रोग्रॅममध्ये ‘युनिक्स’ हे नाव कोठेही घोषित न करता वापरले होते. कंपायलर तेथे मुकाट्याने 1 हा आकडा ठेवी, तो अक्षरमालेतील अनुक्रमांक ठरे आणि पडद्यावर उमटे ‘युनिक्स’. विनोद उत्तम, पण प्रोग्रॅमरच्या शब्दांवर कंपायलरने न विचारता हक्क सांगितला होता, हेही त्यातून उघड झाले.

1989च्या अमेरिकी प्रमाणाने सीमा आखली: पूर्वनिर्धारित नावांच्या आरंभी अधोरेख आणि त्यापुढे मोठे अक्षर किंवा दुसरा अधोरेख असावा. तरी अशा अटींचे रान माजलेच. 1992 साली हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी त्यांच्या अतिवापराविरुद्ध निबंध लिहिला, आणि तो आजही पटतो.

‘शक्ती’ने रिस्क-फाइव्ह हा खुला आज्ञासंच स्वीकारला. त्यासाठीचे कंपायलर दोन अधोरेखांनी सुरू होणारे त्याचे नाव आपोआप देतात. रजिस्टर 32 बिटांचे की 64, हे सांगणारे आणखी एक. स्वतंत्र आज्ञासंच रचला असता, तर यंत्रानुसार बदलणाऱ्या असंख्य प्रोग्रॅमांत नव्या नावाची अट घालत बसावे लागले असते.

जुने नाव अजून गेलेले नाही. लिनक्सवर जीसीसीच्या नेहमीच्या रीतीत ‘लिनक्स’ नावाचे चल घोषित करून पाहावे: नावाच्या जागी आकडा आल्याची तक्रार कंपायलर करतो.