काळ्या शृंगाराची कुळकथा

पाश्चात्त्य देशांतील ‘गॉथ’ या वेषपंथाचे नाव निघताच सुशिक्षित माणूसही बहुधा नाक मुरडतो. काळी वस्त्रे, पांढराफटक चेहरा, काळे ओठ. हे सारे अमंगळाचे प्रदर्शन होय, अशी त्याची समजूत असते. आम्हांस मात्र या पंथाचा इतिहास पाहता त्याच्या मुळाशी अमंगळापेक्षा खेळकरपणा आणि हातची कारागिरीच अधिक आढळते.

‘गॉथिक’ हे विशेषण प्रथम शिवीसारखेच वापरले गेले. ४१० साली रोम लुटणाऱ्या गॉथ लोकांच्या नावाने इटलीतील प्रबोधनकालीन विद्वानांनी मध्ययुगीन वास्तुकलेस रानटी ठरविले. त्या शिवीचे भूषण करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थास द्यावे लागेल. लंडनजवळील ‘स्ट्रॉबेरी हिल’ या आपल्या घरास त्याने मध्ययुगीन रूप दिले. पण तेथील मोठ्या दालनाच्या छतावरील नक्षी दगडाची नव्हे, कागदाच्या लगद्याची होती! १७६९ साली परदेशी पाहुण्यांच्या स्वागतास तो लाकडात कोरलेला, हुबेहूब लेससारखा दिसणारा गळपट्टा बांधून उभा राहिला. गॉथिक भयकथांची जननी मानली जाणारी ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही १७६४ सालची कादंबरी याच विनोदी गृहस्थाची.

पुढील शतकाने काळ्या रंगास गांभीर्य दिले. १८६१ साली पती निवर्तल्यापासून १९०१ साली स्वतःच्या अखेरीपर्यंत व्हिक्टोरिया राणीने शोकवस्त्रे सोडली नाहीत. त्या काळी व्हिटबी येथील ‘जेट’चे, म्हणजे प्राचीन लाकडापासून बनलेल्या काळ्या चकचकीत दगडाचे, दागिने शोककाळात वापरीत. ज्यांस ते परवडत नसत, त्या स्त्रिया काळ्या काचेवर भागवीत आणि असलेलेच कपडे घरी काळे रंगवीत.

१९७९ साली ‘बाउहाउस’ या वाद्यवृंदाची ‘बेला लुगोसीज डेड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९८२ साली लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’, म्हणजे वटवाघळांची गुहा, या नावाचा क्लब सुरू झाला. ब्रिटनमधील बेकारांची संख्या त्याच वर्षाच्या प्रारंभी तीस लाखांवर गेली होती. या पंथाच्या तरुणांनी फाटक्या जाळीदार पायमोज्यांच्या बाह्या केल्या, जुन्या बाजारातील लेस काळी रंगविली, सेफ्टी पिनांचे अलंकार केले आणि केस उलटे विंचरून उभे केले. पुरुषांनीही डोळ्यांत काजळ घातले. पणजीच्या शोकवस्त्राचा पणतीने सणाचा पोशाख केला, असे म्हणावयास हरकत नाही.

या निरुपद्रवी हौसेची किंमत मात्र एका मुलीने प्राणांनी दिली. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशायरमधील बेकप गावच्या उद्यानात सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची तरुणी व तिचा मित्र यांस एका टोळक्याने केवळ त्यांचा वेष निराळा म्हणून बेदम मारले. सोफी त्यातून वाचली नाही. २०१३ साली ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करण्यास आरंभ केला. नोंदवहीत नवा रकाना पडतो, तो बहुधा कोणाचे तरी नुकसान होऊन गेल्यावरच, हे आम्हां कारकुनांस पुरते ठाऊक आहे.

परमुलुखातही संक्रांतीस हौसेने चंद्रकळा नेसणाऱ्या घरांतून वाढलेल्या आम्हांस तरी काळा रंग पाहताच नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही.