कर्जाचे कारण : मुलाचे आजारपण

आज बोलायचा विषय आपल्या बैठकीत कधी निघत नाही. सैपाक करता करता ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा हवा तर, पण रेडिओ बंद करू नका.

2019 सालची गोष्ट. माझ्याकडच्या एका गटात एका मावशीने वीस हजारांचे अंतर्गत कर्ज मागितले. कारण विचारल्यावर म्हणाली, "पोराचं आजारपण." मी सहयोगिनी म्हणून बैठकीला होते. ठराव माझ्यासमोर लिहिला गेला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले आणि दोन टक्के व्याजाने पैसे दिले. बैठक मोडल्यावर मावशी मला गोठ्यामागे घेऊन गेली. "ताई, पोरगं लग्नाला नाही म्हणतंय. त्याला पुरुषच आवडतात म्हणतंय. शहरातला एक डॉक्टर सहा महिन्यांत बरं करतो म्हणालाय." मी म्हणाले, "होईल बरा, काळजी करू नका."

तो बरा झाला नाही. गोळ्यांनी दिवसभर झोपून राहायचा, हात थरथरायचे, जेवण तुटले. एका रात्री तो जीव द्यायला निघाला. चुलत्याचे लक्ष गेले म्हणून वाचला. त्यानंतर मला झोप लागेना. आपण नेमक्या कुठल्या आजारासाठी कर्ज दिले होते? बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, म्हणून मी मागे मागे जात वाचू लागले. मावशीची आणि तिच्या मुलाची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता, ते आज तुम्हाला सांगते.

पुरुषाला पुरुष आवडणे किंवा बाईला बाई आवडणे याला समलिंगी कल म्हणतात. अशी माणसे सगळ्या काळात होती. आपल्याकडे इंग्रजांनी 1860 साली दंडसंहिता केली आणि तिच्या 377 कलमाने असे संबंध गुन्हा ठरवले. तिकडे अमेरिकेत मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने 1952 साली मानसिक आजारांची यादी छापली, तीत समलिंगी असणे हा आजार म्हणून लिहिला. एकीकडे गुन्हा, दुसरीकडे आजार. मग उपचारही तसेच निघाले. विजेचे झटके द्यायचे, उलटीचे औषध देऊन पुरुषाचे चित्र दाखवायचे, म्हणजे किळस बसेल. कल बदलला नाही. माणसे मात्र खचली.

ही यादी खरी आहे का, असे तपासायला निघाली एक बाई. एव्हलिन हूकर तिचे नाव, कॅलिफोर्नियातली मानसशास्त्राची शिक्षिका. तिचा एक विद्यार्थी समलिंगी होता. तो तिला म्हणाला, तुम्ही डॉक्टर लोक दवाखान्यात आलेल्यांनाच बघता, आमच्यासारख्या नीट जगणाऱ्यांना बघा. तिने 30 समलिंगी आणि 30 इतर पुरुष घेतले, सगळ्यांच्या मनाच्या चाचण्या घेतल्या आणि नावे झाकून ते कागद तीन नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवले. यातले समलिंगी कोण ते ओळखा, म्हणाली. तज्ज्ञांना ओळखता आले नाही. हे तिने 1957 साली छापले.

तरी यादी बदलायला आणखी सोळा वर्षे लागली. 1972 साली त्या संघटनेच्या परिषदेत एक मानसोपचार तज्ज्ञ बोलायला उभा राहिला. तोंडावर मुखवटा, डोक्यावर केसांचा टोप, आवाज बदलणारा माईक. मी समलिंगी आहे आणि मी डॉक्टर आहे, असे त्याने सांगितले. उघड्या तोंडाने बोलला असता तर नोकरी गेली असती. जॉन फ्रायर हे त्याचे नाव जगाला पुष्कळ वर्षांनी कळले. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1973 मध्ये, संघटनेने समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी तेच केले.

आता तुम्ही विचाराल, आजार नाही तर ही मुले इतकी उदास का असतात? मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शोधले इलान मेयर या संशोधकाने. त्याने न्यूयॉर्कमधल्या 741 समलिंगी पुरुषांशी बोलून 1995 साली लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे की त्रास कलाचा नसतो, त्या कलामुळे लोक जे वागतात त्याचा असतो. टोमणे, मारहाण, घराबाहेर काढणे हा एक भाग. दुसरा भाग दिसत नाही. आज कोणी ओळखेल का, ही रोजची धास्ती. चालणे, बोलणे, हसणे सांभाळत राहणे. आणि लहानपणापासून ऐकलेली घाण स्वतःबद्दल खरी मानणे. याला त्याने अल्पसंख्याक असण्याचा ताण म्हटले.

मैत्रिणींनो, हे आपल्याला वेगळे समजवायला नको. सासरी पहिले वर्ष कसे गेले ते आठवा. भांडे वाजले तरी छातीत धस्स व्हायचे. पण आपल्याला माहेर होते, रडायला आई होती. या मुलाला ज्या घरात लपायचे, तेच त्याचे माहेर.

याचा शरीराच्या आरोग्याशीही संबंध आहे, आणि आई म्हणून तो कळायला हवा. ज्याला लपूनच भेटावे लागते, तो अंधारात, घाईत भेटतो. समोरच्याला "कंडोम वापर" म्हणायची हिंमत होत नाही, कारण मला कोणी जवळ करते हेच खूप, असे त्याला वाटत असते. गावातल्या मेडिकलमधून पाकीट घ्यावे तर दुकानदार बापाच्या ओळखीचा. तपासणीला ग्रामीण रुग्णालयात जावे तर तिथे कोणीतरी नात्यातले. धास्ती दाबायला काही जण दारू पितात. एचआयव्ही अशा वाटेने येतो. नुसते "सावध राहा" सांगून भागत नाही, मनाचा ताणही उतरवावा लागतो.

हे ओळखून अमेरिकेत जॉन पचान्किस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी समुपदेशनाची एक पद्धत बसवली. दहा बैठका असतात. मुलाचा कल बदलायचा, हा तिचा हेतूच नाही. आधी त्याला समजावतात की तुझ्यात खोट नाही, हा ताण बाहेरून आलाय. मग मनात भीती कधी उठते, तेव्हा तू काय करतोस, याची नोंद ठेवायला शिकवतात. स्वतःबद्दलचे जुने विचार तपासायला लावतात. टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून बघायच्या, आणि आपले म्हणणे ठामपणे, न भांडता मांडायचे, याचा सराव घेतात. कंडोमचा आग्रह धरता येणे हाही त्याच सरावाचा भाग.

न्यूयॉर्कमध्ये 63 तरुणांवर ही पद्धत वापरली, त्याचा निकाल 2015 साली आला. काहींना लगेच समुपदेशन दिले, काहींना तीन महिने थांबवले. ज्यांना लगेच मिळाले त्यांची उदासी कमी झाली, दारू कमी झाली, कंडोमशिवायचे संबंधही कमी झाले. पुढे 254 तरुणांवर मोठा अभ्यास झाला, त्यात फायदा पहिल्याइतका ठळक दिसला नाही. हेही सांगायला हवे, कारण खरा उपचार आपली मर्यादा सांगतो. "सहा महिन्यांत हमखास" म्हणणाऱ्यापासूनच जपावे.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 साली 'बॉम्बे दोस्त' हे मासिक काढले आणि 1994 साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन, मनमोकळे बसायला जागा, ही कामे तिथे कायदा विरोधात असताना सुरू झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीतून या विषयावर लिहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली 377 कलमातून ही माणसे सोडवली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली पुन्हा अडकवली. शेवटी 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले असे संबंध गुन्हा नाहीत. त्याच वर्षी भारतातल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनेही हा आजार नाही असे जाहीर केले. आणि 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितले की कल बदलायचे उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे.

तारखा नीट बघा. आमच्या गटाने कर्ज दिले 2019 साली. गुन्हा उठला होता, आजार नाही हे तज्ज्ञांनी सांगून झाले होते. आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

तो मुलगा आता शहरात नोकरी करतो. एका चांगल्या समुपदेशकाकडे काही महिने गेला. मला म्हणाला, "ताई, तिथं पहिल्यांदाच मला कोणी विचारलं, तुला काय त्रास होतो? नाहीतर सगळे विचारायचे, तुझा त्रास कसा घालवायचा." गेल्या दिवाळीला तो घरी आला होता. वडील अजून फारसे बोलत नाहीत. पण मावशीने त्याच्या आवडीच्या करंज्या केल्या आणि जाताना डबा भरून दिला.

मावशीने ते वीस हजार व्याजासकट फेडले, एकही हप्ता चुकवला नाही. वहीत खाडाखोड करायची नाही हा आपला नियम आहे, म्हणून ती नोंद आजही तशीच आहे. तिच्यामुळे मी एक सवय लावून घेतली. कर्जाचे कारण आजारपण असले की मी त्या बाईला बाजूला घेऊन, एकटीला विचारते, कुठला आजार, कुठला डॉक्टर, काय करणार म्हणतो? सगळ्यांसमोर विचारत नाही. तुमच्या गटातही असे करून बघा.

आणि घरातला मुलगा असे काही बोलला, तर आधी त्याला जेवायला वाढा. त्याने सांगितलेले त्याला न विचारता कोणाला सांगू नका. मन फार खचले असेल तर 14416 हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, दिवस-रात्र चालतो, मराठीत बोलता येते. एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097 आहे, पैसे पडत नाहीत. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी फुकट होते आणि ती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या तालुक्यात नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यात जाता येते. सोबतीला तुम्ही जा.

आज इतकेच. पुढच्या बैठकीत हा विषय काढायची हिंमत होत नसेल, तर निदान हा भाग एकीला तरी ऐकवा. नमस्कार.