कणस्वराची साक्ष

जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा अल्बम ब्रिटनमध्ये किती चालला, या साध्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या अधिकृत नोंदींत पस्तीस वर्षं चुकीचं होतं. त्या नोंदींप्रमाणे अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंतच चढला. त्याच काळातलं ‘मेलडी मेकर’ साप्ताहिक मात्र तो पहिल्या क्रमांकावर असल्याचं छापत होतं. या विसंगतीचं मूळ टपालखात्यात सापडतं. २० जानेवारी १९७१ पासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. दुकानांतले विक्रीचे आकडे टपालाने येत, त्यामुळे त्या आठवड्यांची अधिकृत अल्बम-यादी निघालीच नाही. २००६ साली नोंद दुरुस्त झाली: आठ आठवडे पहिला क्रमांक.

नोव्हेंबर १९७० मध्ये आलेल्या या तीन तबकड्यांच्या संचाबद्दल आणखी एक समज रूढ आहे. बीटल्स फुटल्यावर हॅरिसनची प्रतिभा एकाएकी उसळली, असं म्हणतात. ध्वनिफिती वेगळं सांगतात. अल्बमचं शीर्षकगीत बीटल्सने जानेवारी १९६९ मध्येच तालमीत घेतलं होतं, पण आपल्या तबकडीवर घेतलं नाही. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, हॅरिसनने ते स्टुडिओत एकट्याने ध्वनिमुद्रित केलं. तो मसुदा आज ऐकायला मिळतो. गाणी साचत होती, त्यांना जागा मिळत नव्हती, एवढंच.

‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणं या साठ्यातलं नव्हतं, ते नंतरचं. अमेरिकेत ते ‘इझन्ट इट अ पिटी’सोबत नोव्हेंबर १९७० मध्ये सिंगल म्हणून आलं आणि वर्षअखेरीस पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ब्रिटनमध्ये ते जानेवारीत निघालं, मागच्या बाजूला ‘व्हॉट इज लाइफ’ घेऊन. हे मागच्या बाजूचं गाणं फेब्रुवारीत अमेरिकेत स्वतंत्र सिंगल झालं आणि दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘माय स्वीट लॉर्ड’च्या कोरसमध्ये ‘हालेलुया’ म्हणता म्हणता ‘हरे कृष्ण’ येतं, पुढे आपल्याकडे घरोघरी पाठ असलेला ‘गुरुर्ब्रह्मा’ हा श्लोकही. ब्रिटनमध्ये हे गाणं अव्वल असतानाच, १० फेब्रुवारी १९७१ रोजी, ब्राइट ट्यून्स या कंपनीने न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. रोनाल्ड मॅक यांनी रचलेलं, शिफॉन्स या गायिकांच्या चमूने १९६३ मध्ये गाजवलेलं ‘ही इज सो फाइन’ उचलल्याचा हा दावा होता.

या दाव्याचं १९७६ चं निकालपत्र हा माझ्या मते संपूर्ण अल्बमबद्दलचा सर्वांत मोलाचा कागद आहे. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः ऑपेरा रचणारे होते, म्हणून त्यांनी चाल सुटी करून तपासली. आपल्या सरगमीत सांगायचं तर पहिला तुकडा ‘प ग रे’, दुसरा ‘प ध सां ध सां’. जुन्या गाण्यात पहिला चार वेळा येतो, मग दुसरा चार वेळा. हॅरिसनच्या गाण्यात पहिला चार वेळा, दुसरा तीन वेळा, आणि चौथ्याच्या जागी साधारण तेवढ्याच लांबीची वेगळी जोड. तुकडे सुटे घेतले तर कुणाचेही असू शकतात. पण दुसऱ्या तुकड्याच्या दुसऱ्या आवर्तनात एक कणस्वर आहे, आणि तो दोन्हीकडे नेमका त्याच जागी आहे.

तो आला कुठून? साक्षीनुसार, कोपनहेगनच्या मुक्कामात हॅरिसन पत्रकार परिषदेतून निसटून वर गेला आणि गिटारवर ‘हालेलुया’, ‘हरे कृष्ण’ छेडू लागला. साधारण आठवड्याने लंडनच्या स्टुडिओत गायक-वादक बिली प्रेस्टनसाठी हे गाणं मुद्रित झालं. तिथे हॅरिसन वाजवत नव्हता. वाद्यवृंद आणि ध्वनिमुद्रणाची खोली यांच्यात ये-जा करत देखरेख करत होता. दोन्ही तुकड्यांना पक्कं रूप आलं ते याच सत्रात, कणस्वरही तिथेच उमटला. कसा, हे त्याला सांगता आलं नाही. मग कुणीतरी कॉपीराइटसाठी स्वरलेखन केलं, तेव्हा तो कण कागदावर आला. हॅरिसनने पुढे स्वतः गाताना तो गाळला, छापील स्वरलिपीतही तो नाही. न्यायाधीशांनी तळटीपेत ही गोष्ट लक्षवेधी, पण कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरवली. इतिहासकाराला ती निरर्थक म्हणता येणार नाही: ज्या तबकडीने जग जिंकलं, तिच्यात सर्वांत अडचणीचा पुरावा नव्हताच.

या निकालाच्या आधारे हॅरिसनला चोर म्हणणाऱ्यांनी निकाल वाचावा. जाणूनबुजून नक्कल केली असं मला वाटत नाही, असं न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं आहे. कानावरून गेलेली चाल नेणिवेतून वर आली आणि नवी वाटली, हा त्यांचा निष्कर्ष. कायद्याने तरीही तो कॉपीराइटचा भंगच. मला या निकालपत्रात अपराधापेक्षा जास्त दिसतं ते एक गाणं अनेकांच्या हातून घडण्याचं चित्र. इतकं जवळून ते एरवी कुणी टिपलंच नसतं.

पैशांचा हिशेब पुढे १९८१ मध्ये लागला. सिंगलवरचं दुसरं गाणं, अल्बममधली इतर गाणी, त्यांचा वाटा वेगळा काढावा लागला. ‘माय स्वीट लॉर्ड’च्या उत्पन्नातला तीन चतुर्थांश भाग उसन्या चालीचा धरून आकडा ठरला १५,९९,९८७ डॉलर. पण तोवर फिर्यादी बदलला होता. दाव्याच्या सुरुवातीला हॅरिसनच्या वतीने ब्राइट ट्यून्सशी बोलणी करणारा त्याचा व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइन याच्या कंपनीने १९७८ मध्ये ‘ही इज सो फाइन’चे हक्क ५,८७,००० डॉलरना विकत घेतले होते. आपल्याच जुन्या अशिलाविरुद्ध नफा कमावण्यास न्यायालयाने त्याला मज्जाव केला. हॅरिसनने क्लाइनला द्यायची रक्कम ठरली ती त्याने मोजलेलीच: ५,८७,००० डॉलर, वर व्याज. १९८३ मध्ये अपील न्यायालयानेही ती कायम ठेवली.