तीस दिवसांची कुळकथा

तज्ज्ञ समितीचा अहवाल हाती आला की पर्यावरण मंत्रालयाने तीस दिवसांत तो संकेतस्थळावर टाकायचा, एखादा भाग वगळायचा झालाच तर कारणं नोंदवायची. हा दंडक पश्चिम घाटावरून झालेल्या भांडणातून जन्मला.

मार्च २०१० मध्ये मंत्रालयाने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ समिती नेमली. ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल तयार झाला. तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंतचा सगळा घाट त्यात तीन संवेदनशील पट्ट्यांत मांडला होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाणी आणि वीजप्रकल्पांबद्दलही समितीने स्पष्ट लिहिलं होतं. मंत्रालयाने तो जाहीरच केला नाही.

केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात प्रत मागितली, तेव्हा नकार मिळाला. कारणं अनेक दिली. त्यातलं एक वाचून आजही चीड येते: अहवाल उघड झाल्यास देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल. शास्त्रज्ञांनी लिहिलेलं, तेही ज्यांच्या जमिनीबद्दल लिहिलेलं त्यांच्यापासून, विज्ञानाच्याच नावाने दडवायचं!

९ एप्रिल २०१२ ला केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल खुला करायचा आदेश दिला आणि पुढच्या अहवालांसाठी तीस दिवसांची मुदतही घातली. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १७ मे रोजी याचिका फेटाळली गेली आणि त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला, मंत्रालयाने तो औपचारिकपणे स्वीकारलेला नाही, अशा सूचनेसह.

गाडगीळांचा आग्रह मात्र नुसत्या प्रसिद्धीपुरता नव्हता. अहवाल स्थानिक भाषांत यावा, ग्रामसभांनी तो वाचून आपलं म्हणणं मांडावं आणि मगच पट्ट्यांच्या सीमा पक्क्या व्हाव्यात, हे ते सातत्याने सांगत राहिले. इंग्रजी कागद दिल्लीत खुला झाल्याने सावंतवाडीच्या बागायतदाराला काय कळणार?

हा प्रश्न फक्त कोकणाचा नाही. इकडे भिलाईत, पावर हाउस वस्तीच्या घराघरांत पोलाद प्लांटची भाकरी खाल्ली जाते. प्लांटचं खनिज दल्ली-राजहराहून आलं, पुढची भिस्त रावघाटच्या डोंगरांवर आहे. त्या डोंगरांबद्दल तज्ज्ञ काय सांगतात, हे तिथल्या गावांइतकंच आपणही विचारायला हवं. मंत्रालयाकडे आलेला अहवाल महिना उलटूनही संकेतस्थळावर दिसला नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क दहा रुपये. अर्जात ९ एप्रिल २०१२ च्या त्या आदेशाचा उल्लेख जरूर करावा.