तिसरं पेडल

कापसाच्या सीझनमध्ये झरी जामणीहून वणीकडे निघालेल्या पिकअपच्या केबिनमध्ये डोकावून बघा. ड्रायव्हरच्या पायाशी तीन पेडलं असतात : क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही. म्हणूनच, अमेरिकेत काही लोक डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून तिथे मुद्दाम मॅन्युअल बसवतात, हे ऐकलं की हसू येतं. पदरचे पैसे घालून कुणी क्लच दाबायचं काम विकत घेतं का? घेतं. आणि त्यात वाटतो तितका वेडेपणा नाही.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जाते. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रामॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. पुढे युद्धात तो एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात बसला. त्याच सैन्याच्या विलीज जीपला मात्र तीन गिअरचा साधा मॅन्युअल डबाच मिळाला. पहिल्या गिअरला सिंक्रोमेशसुद्धा नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलात, तर दात खरडल्याचा आवाज.

आपल्या वाट्याला आली ती जीप. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी ती मुंबईत माझगावला जोडायला घेतली, आणि तिच्याबरोबर तो गिअरचा दांडाही इथे रुजला. पुढे पेट्रोल महागलं तेव्हा जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन चढवायचा धंदा गॅरेजांत जोरात चालला. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून मध्ये लोखंडी प्लेट कापून बसवायची. आपल्याकडची 'अदलाबदल' ही अशी : इंजिन बदलायचं, डबा शक्यतो तोच ठेवायचा.

कंपन्यांनीही ऑटोमॅटिकचा विचार फारसा केला नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जायची. त्यात घसर असते, आणि घसर म्हणजे वाया गेलेली ताकद आणि उष्णता. महिंद्राच्या एमएम ५४० मधलं प्यूजोचं डिझेल इंजिन जेमतेम साठेक हॉर्सपॉवरचं. त्यातून तेलाला वाटा कुठून देणार? १९८८ साली आलेली टाटामोबाइलही मॅन्युअलच होती.

अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन मिळू लागलं. (हीच कमिन्स १९६२ पासून किर्लोस्करांबरोबर पुण्यात इंजिनं बनवत होती.) इंजिन दणकट, जोर प्रचंड, पण जोडीचा ऑटोमॅटिक त्या मानाने नाजूक. पंप वाढवून जोर आणखी चढवला की आधी गिअरबॉक्स जळायचा. मग लोकांनी मॅन्युअलची वाट धरली.

हे काम नुसता डबा बदलण्याचं नाही. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनामागे पातळ चकती आणि जड कन्व्हर्टर असतो. दोन्ही काढून तिथे फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट बसवावी लागते. क्रँकशाफ्टच्या टोकाला छोटं बेअरिंग हवं, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट डुगडुगतो. केबिनमध्ये क्लचचं पेडल, त्याचे दोन सिलिंडर, आणि दांड्यासाठी फरशीला भोक. नव्या डब्याची लांबी वेगळी असली तर मागचा प्रोपेलर शाफ्टही कापून किंवा लांबवून घ्यायचा. 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्येच स्टार्टर फिरू देणारा स्विच असतो, त्याची वायर क्लचच्या पेडलकडे वळवायची. जुन्या इंजिनात इथे काम संपतं. नव्या गाडीत मात्र इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरच्या निरोपाची वाट बघत बसतो, आणि निरोप आला नाही की गाडीची ताकदच आवळून धरतो. पान्यापेक्षा लॅपटॉपचं काम जास्त.

उलटा किस्साही आहे. महिंद्राने अमेरिकेत डिझेल पिकअप विकायचा बेत आखला, तोही सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह. २०१० मध्ये तिथल्या वितरकाशी बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि ती पिकअप तिथल्या शोरूममध्ये पोचलीच नाही. इकडे इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांनी गेल्या काही वर्षांत ऑटोमॅटिक पिकअप आणली. अमेरिकेत रॅमच्या मोठ्या पिकअपमधून मॅन्युअल २०१८ च्या मॉडेलनंतर बंद झाला.

उद्या अशीच एखादी सेकंडहँड ऑटोमॅटिक पैनगंगेच्या काठच्या एखाद्या गावात आली आणि ऐन वेचणीत तिचा डबा बसला तर? धक्का मारून ती सुरू होत नाही. क्लचप्लेट बदलून देणारा मेकॅनिक तालुक्यात सापडतो. व्हॉल्व्ह बॉडी उघडणारा शहरातच शोधावा लागतो. तोवर गाडी उभी, हप्ता चालू. मॅन्युअल डबा चढवायचा मोह होणारच. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मध्ये येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला : निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. म्हणजे गाडी शहरात न्यायची, ती दुसऱ्या पिकअपला दोर बांधून. तिला ओढत नेणारीला बहुधा तीन पेडलं असतील.