कॉलेजचा नंबर आणि आपली निवड

बारावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : कोणते कॉलेज कितव्या नंबरचे? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत होती. इन्स्पेक्टर परीक्षा घेई आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने शाळेस पैसे मिळत. हिशेब चोख झाला. परंतु अशा पद्धतीत कच्चे मूल शाळेला परवडत नाही. १८८२ च्या हंटर आयोगापुढेही या पद्धतीचा खल झाला होता.

पुढे १९१९ साली आपल्या भागात दोन कामे सुरू झाली. सांगलीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन कॉलेज काढले, तर कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नव्हते. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' या मार्गाने गरिबाचा मुलगा पदवीपर्यंत पोहोचू लागला. १९५५ मध्ये मौलाना आझादांच्या नावाचे अध्यापक महाविद्यालयही साताऱ्यास आले. त्या वसतिगृहाच्या कामाला कोणत्या यादीत, कितवा नंबर मिळाला असता?

आजच्या क्रमवारीची सुरुवात २००३ मध्ये शांघायला झाली. त्या यादीत नोबेल विजेत्यांना मोठे वजन आहे. बी.एस्सी.ला जाणाऱ्या आपल्या मुलाला त्याचा उपयोग तो काय? भारत सरकारची एनआयआरएफ ही यादी २०१६ पासून निघते. तिच्या विद्यापीठांच्या तक्त्यात अध्यापनाला ३०, संशोधनाला ३०, निकाल व पुढील वाटचालीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लौकिकाला १० असे गुण ठेवले गेले. भाऊरावांचे सारे काम त्या एका दहात बसवावे लागेल. त्या दहातही परप्रांतातील मुलांना वाटा आहे, म्हणजे माण-खटावच्या मुलांना शिकवणाऱ्याचे तेथेही नुकसानच.

तरीही यादी टाकाऊ नव्हे. या निमित्ताने संस्थांना शिक्षकांची संख्या, किती मुलांना शुल्कात सवलत मिळाली, किती जणांना नोकरी लागली, हे आकडे जाहीर करावे लागतात. नंबर बाजूला ठेवून हे आकडे अवश्य वाचा. मात्र ते संस्थेनेच भरलेले असतात, हे ध्यानात असू द्या.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. सातारा-सांगलीतील बहुतेक कॉलेजे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा नंबर हा मुख्यतः कोल्हापुरातील त्याच्या स्वतःच्या विभागांचा. तो पाहून तालुक्याच्या कॉलेजची परीक्षा करू नये. त्या कॉलेजचे नॅकचे मूल्यांकन वेगळे पाहावे, आणि तेही कोणत्या वर्षीचे आहे ते विचारावे. मुलाला ज्या विषयात जायचे आहे त्याचे कायम शिक्षक किती, प्रयोगशाळा चालू आहे का, वसतिगृहात जागा व मेसचा खर्च किती, हे तेथे शिकणाऱ्या मुलांकडून कळते. मुलगी एस.टी.ने जाणार असेल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, याचीही स्टँडवर चौकशी करून ठेवा.